बिब्ब्याचा डाग

नोकरीच्या शेवटच्या दिवशीही डॉक्टरबाईंनी माझे तळवे बघितले. ओपीडी संपली होती. स्टुलावर बसून मी पाय पुढं केले. भिंग लावून त्यांनी बोटांच्या बेचक्यासुद्धा तपासल्या. म्हणाल्या, "साफ आहेत, मामा. घाला चपला." माझी बायको शांता गेल्यापासून दर महिन्याला एवढं व्हायचंच.

कातडीच्या डॉक्टर. मुंबई सोडून पिंपरीच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा निगडीला नुसता माळ होता. मी त्यांच्या दारावरचा शिपाई. त्यांच्या दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे चट्टे. कंपन्यांतली माणसं मशीनच्या तेलानं फुटलेले हात घेऊन यायची आणि ते बघून बिचकायची. एकजण बोललाच, "स्वतःचं बरं होईना, आमचं काय करणार?"

"बघू की. चपला काढा," बाई म्हणाल्या.

खाज मानेला असली तरी चपला आधी. कातडीचा काळा कॅन्सर आपल्या लोकांत तळव्याला लपतो, म्हणायच्या. दुपारी मायक्रोस्कोपखाली कातडीचे तुकडे बघत बसायच्या. "मामा, माझ्या अंगातले रोगाशी लढणारे पहारेकरी माझ्याच रंगावर उठलेत. त्यांना त्या काळ्या कॅन्सरवर सोडता आलं तर माणूस वाचेल. तेवढंच शोधतेय."

शांताच्या टाचेला काळा डाग होता. भेगांना ती बिब्बा लावायची. मला वाटलं, बिब्बा उतून कातडी काळी पडलीय. बाईंकडं चल म्हटलं की म्हणायची, "त्या हातांनी मला शिवायचं न्हाई." मी जोर केला नाही. खरं सांगतो, त्या हातांची मलाही किळस होती.

रक्त यायला लागलं तेव्हा नेली. बाईंनी टाच हातात धरली ती सोडेनात.

"किती दिवस?"

"बिब्बा हाय, बाई."

"बिब्ब्याचा डाग महिन्यात सोलून जातो, मामा. किती दिवस?"

"वरीस झालं."

तुकडा तपासायला काढला. आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. काळा कॅन्सरच निघाला. पाय काढला, तरी जांघेत गाठ आलीच. शेवटी शांता त्या पांढऱ्या हातांशिवाय कुणाला पट्टी करू देईना. एकदा म्हणाली, "तुमचे पहारेकरी द्या की मला उसने." बाई हसल्या नाहीत.

ती गेल्यावर मला म्हणाल्या, "गावाला चपला काढायला लावल्या. तुमच्या घरचं विचारलं नाही." विचारलं असतं तरी मी बिब्बाच सांगितला असता.

बाई निवृत्त झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवे डॉक्टर खुर्चीत बसले. पहिलाच माणूस कोपराची खाज घेऊन आला.

"पाठवा आत," डॉक्टर म्हणाले.

मी दारात आडवा हात घातला. म्हटलं, "आधी चपला काढ."