उशिरा वळणारी आरशातली बाई

लग्नानंतर वर्षभर माझं आणि मोठ्या नणंदेचं बोलणं पाहुण्यांसारखंच चालायचं. जेवलात का, बरं आहे ना, एवढंच. ताईंची अकोल्याजवळ झेंडूची शेती. दिवाळीचा माल विकून झाल्यावर त्या चार दिवस आमच्याकडे अमरावतीला आल्या. नवरा ऑफिसात. दुपार कशी काढावी हे न कळून मी त्यांना सिनेमाला नेलं. पोस्टरवर एक बाई आरशासमोर केस विंचरत होती, म्हणून मला तो कौटुंबिक वाटला.

निघाला भयपट, तोही भलताच विचित्र. भूत नाही, किंकाळी नाही. फक्त नायिका मान वळवायची आणि आरशातली ती किंचित उशिरा वळायची. पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाच भास झाला. दुसऱ्यांदा ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं, ते मध्यंतरापर्यंत सोडलंच नाही.

मध्यंतरात बेसिनसमोर भला मोठा आरसा! दोघींनी खाली माना घालून हात धुतले.

"तुमची टिकली सरकली," मी म्हणाले.

"तूच नीट कर वं. मी नाई पाहत तिकडे."

उत्तरार्धात मात्र दिग्दर्शकाचा धीर सुटला. एक मानसोपचारतज्ज्ञ आला आणि बाईच्या बालपणापासून सगळं समजावत बसला. मग आरसाही बोलू लागला. जे नुसतं दिसत होतं तोवर अंगावर काटा आणत होतं, त्याचं प्रवचन झालं. एवढी घाबरलेली बाई तो आरसा काढून का टाकत नाही, हे तर शेवटपर्यंत कळलं नाही.

ताई खड्या आवाजात म्हणाल्या, "हा डॉक्टर कावून एवढा बोलून राह्यला? चांगलं भेव वाटत होतं मले, घालवलं न यानं!"

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ऑटोत मी विचारलं, "मग बेकारच म्हणायचा का सिनेमा?"

"बेकार कावून? अर्धा तर झकास होता. पुन्ना लागला तर मध्यंतरातच उठून येऊ."

संध्याकाळी नवरा घरी आला, तर कपाटाच्या आरशावर टॉवेल.

"हा कोणी टाकला?"

मी टाकला नव्हता. ताई शांतपणे म्हणाल्या, "वाळू घातला," आणि मला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. चहा उकळेपर्यंत आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो. मग त्या ओट्याला टेकून, नव्यानं सासरी गेल्या तेव्हा कशाकशाला घाबरायच्या, ते सांगू लागल्या. चहा दोनदा गरम करावा लागला.