उघड्यावरचे कॅमेरे

लातूरच्या क्लासच्या भागात शिडी खांद्यावर घेऊन मोटारसायकलींतून वाट काढणारा उंच माणूस दिसला, की तो शिवमूर्तीअण्णा, हे सगळ्या वॉचमनांना माहीत होतं. डिप्लोमा करून मी निलंग्याहून आलो आणि गुरुपादप्पांच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात लागलो. काम शिकलो ते अण्णांच्या मागं फिरून. पार्किंगमधल्या कॅमेऱ्याला चोरापेक्षा कोळी जास्त छळतो. अंधार पडला की लेन्सभोवतीच्या दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो, आणि सकाळी स्क्रीनवर गाड्यांऐवजी जाळंच दिसतं. अण्णा ते ब्रशने काढायचे, जुन्या धोतराच्या तुकड्याने काच पुसायचे, वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन चित्र बघायचे आणि पुढच्या पार्किंगकडे निघायचे. दिवसभरात बोलणं फारसं नाही.

दुकानात एक गोष्ट न बोलता ठरली होती. उघड्यावरचे कॅमेरे अण्णांचे, स्लॅबखालचे माझे. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीच्या बाजूचं त्यांचं दगडमातीचं घर आई, वडील आणि बहिणीसकट बसलं. विसर्जनानंतर लहानगे अण्णा गणपतीच्या कापडी मांडवातच झोपून गेले होते, म्हणून राहिले. तेव्हापासून डोक्यावर स्लॅब त्यांना सोसत नाही. राहायलासुद्धा औसा रोडला पत्र्याची खोली. लग्न झालं होतं. सिंधुवहिनी दोन उन्हाळे त्या पत्र्याखाली राहिल्या, मग माहेरी गेल्या त्या गेल्याच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिचं बी खरंच होतं की. पत्र्याखाली कोण भाजून घेतंय?"

मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाने, एका क्लासने, नवी इमारत बांधली आणि पार्किंग तळघरात नेलं. बाकीचेही तेच करू लागले. मोकळ्या प्लॉटवर होस्टेलं उभी राहिली.

"शिवमूर्ती," गुरुपादप्पा म्हणाले, "आता खाली उतरायचं शिक बाबा. न्हाईतर लातुरात तुला काम कुठनं देऊ?"

"बघू की अप्पा."

"बघू बघू म्हणत माझं टक्कल पडलं!"

अण्णा हसले, पण त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

नव्या तळघरातले कॅमेरे बसवून झाल्यावर रविवारी सकाळी आम्ही त्यांची दिशा नीट करत होतो. मी खाली शिडीवर, अण्णा वर फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत स्क्रीनसमोर. कानात फोन. वर पोरांची परीक्षा चालू. शेवटच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र अण्णांनी पूर्ण स्क्रीनभर मोठं केलं होतं.

"रविकिरण, जरा डावीकडं... आणखी... हां, ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात लाइट गेली. कॅमेरे आणि स्क्रीन बॅटरीवर चालूच राहिले, आणि भिंतीपलीकडचा नवा जनरेटर पहिल्यांदाच चालू झाला. भिंत थरथरली, भिंतीवरचा कॅमेरा थरथरला. मला आवाजावरून कळलं. पण वर अण्णांना काय दिसलं? गाड्यांची अख्खी रांग, मागचे खांब, सगळं हलतंय.

"पळ! रविकिरण, भाईर पळ! भुकंप!"

पुढचं फोनमधून नाही, थेट रॅम्पवरून ऐकू आलं. मी धावत वर येईपर्यंत त्यांनी वॉचमनची शिट्टी हिसकावून अख्खी इमारत उठवली होती. बाहेरगावची पोरं "काय झालं, काय झालं" करत जिन्यावर रेंगाळली. आमच्याकडच्या मोठ्या माणसांनी मात्र एका शब्दाने विचारलं नाही. मेसचा आचारी पीठभरल्या हातांनी रस्त्यावर. ऑफिसातल्या चंद्रप्रभाबाई, चपला आतच. वॉचमन चंद्रप्पा तर रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा.

जनरेटर बंद केला आणि स्क्रीनवरचं चित्र गप्प उभं राहिलं.

मग हशा पिकला. एक पोरगं ओरडलं, "काका, पुढच्या रविवारी फिजिक्सच्या आधी करा हं!"

"हसा बाळांनो," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "तुमी तव्हा जन्मला नव्हता."

व्यवस्थापक मिहिर सर चिडले होते. "अहो, जनरेटर होता तो! आता ही परीक्षा पुन्हा कोण घेणार?" त्यांनी गुरुपादप्पांना फोन लावला. हा माणूस खाली येऊन स्वतः बघणार असेल, तर ठेवा; नाहीतर आमच्याकडे पाठवू नका.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. अंघोळ करून, कपाळाला ताजी विभूती लावून, घडीचा शर्ट घालून. रॅम्पवरून उतरू लागले. मी खाली कॅमेऱ्याजवळ थांबलो होतो. रॅम्पवर जिथं ऊन संपतं आणि स्लॅबची सावली सुरू होते, तिथं त्यांचे पाय थांबले. चंद्रप्रभाबाई मागून आल्या, सावलीत दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"या भाऊ. मी हाय संगं."

अण्णांनी एक पाय सावलीत ठेवला. मान वर करून स्लॅबकडे पाहिलं. भिंतीला हात लावायला गेले आणि हात मागं घेतला.

"बाई, तुमी जाताव, लई बरं हाय," ते म्हणाले. "मला न्हाई जमायचं."

आणि उलटे वर चालत गेले. जनरेटरच्या भिंतीवरचा तो कॅमेरा मी काढून खांबावर बसवला. चित्र सांगायला वर कुणी नव्हतं.

गुरुपादप्पांनी राग धरला नाही. त्यांचे साडू मलप्पा यांचं नांदेडला काम होतं. गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्यांसाठी मोठं मैदान, चारी बाजूंना खांब, वर काहीच नाही. अण्णा वळकटी आणि शिडी एसटीच्या टपावर टाकून गेले. लातुरात त्यांचं असं, सोडायला येणारं कुणी नव्हतंच. मी आणि चंद्रप्पा होतो.

मध्ये एका कामासाठी नांदेडला गेलो, तेव्हा भेटलो. पंजाबच्या, हरियाणाच्या बसगाड्या उभ्या. अण्णा त्यांच्या मधोमध. भाषा कळत नाही, म्हणाले, पण माणसं हात जोडतात. त्यांनी चहा पाजला. दुकानातल्या एकेकाची चौकशी केली. मग थोडं थांबून म्हणाले, "राहा की आज. खोली हाय, पत्र्याचीच. दोघांपुरती जागा हाय."

"शेवटची गाडी चुकंल अण्णा."

"हाव, ते बी हाय," ते म्हणाले. कप विसळून पालथा ठेवला आणि पुढच्या खांबाला शिडी लावली.