ओवाळणीचा फोन

कारंज्यात शेवया-कुरड्यांचा विषय निघाला की लोक पंचफुलाचं नाव घेतात, आणि पंचफुलासमोर कसलाही विषय निघाला की ती धनजचं नाव घेते. धनज तिचं माहेर. तिथलं पाणी गोड, तिथली तूर लवकर शिजते, तिथल्या म्हशीसुद्धा समजूतदार. नवरा किशन बाजार समितीत हमाली करतो. सव्वीस वर्षं तो हे ऐकत आला आहे. "मंग नवराबी तिकडलाच पाहाचा होता," एवढं म्हणतो आणि जेवायला बसतो.

बाई तशी फटकळ. गिऱ्हाईक भावासाठी फार घासाघीस करू लागलं तर शेवयांचं पुडकं त्याच्या हातातून परत घेईल. "खावाची अक्कल नाई अन् भाव करून राह्यला," असं तोंडावर म्हणेल. पण भावाचं नाव काढा, की हीच पंचफुला लोणी. भागवत तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई वारली तेव्हा तो चालता-बोलता झाला होता एवढंच. पाचवीतून शाळा सोडून हिने त्याला कडेवर वागवलं. त्याला गोवर निघाला तेव्हा आठ दिवस ही बसून झोपली. हे ती कोणाला सांगत नसे, सांगायचं कशाला? भाऊच तो.

दोन वर्षांमागे वडील गेले. सातबाऱ्यावर दोघांची नावं चढली, पंचफुला आणि भागवत. साडेतीन एकर, ओलिताची. आता आपल्या वऱ्हाडात कायदा काय म्हणतो ते वाशीमच्या कोर्टात, आणि रीत काय म्हणते ते घरात. रीत म्हणते, बहिणीनं हिस्सा मागू नये. मागितला तर माहेरचा उंबरा बंद झाला समजा. सोडला तर साडीचोळी, पुरणपोळी, आणि जन्मभराचं "ये वं ताई". पंचफुलानं कधी हिशेबच केला नाही. भागवत म्हणाला, "ताई, एका नावावर असलं म्हंजे कामं सोपी पडतेत." ही म्हणाली, "कागद आन, सही करून देईन." झालं. जमिनीवर पाणी सोडायचं आणि माहेर ठेवायचं, असा तिचा साधा सौदा होता, आणि तो तिला नफ्याचा वाटत होता.

हे बोलणं झालं त्याच दिवाळीत फोन आला.

भाऊबीजेला पाटावर बसून भागवतनं ओवाळून घेतलं आणि ताटात एक मोठा, चकचकीत, निळ्या पाठीचा फोन ठेवला. पंचफुलाचे हातच थांबले. तिच्याकडे तोवर बटणांचं जुनं डबडं होतं. भागवत म्हणाला, "वैभवीले नवा घेतला. तिचाच हा, लय जपून वापरेल हाये. म्हनलं, ताईच्या धंद्याले कामी येईन." वैभवी म्हणजे त्याची मुलगी, कारंज्याला कॉलेजात येते. पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी. किशन मात्र हमाल माणूस, पोतं पाठीवर घेण्याआधी शिवण पाहणारा. घरी परतताना बसमध्ये म्हणाला, "डबा नाई, पावती नाई. बिघडला तं? पावती मागून घे."

"माय वं! ओवाळणीची पावती मागतेत काय कोनी?" ती असं कडाडली की पुढच्या सीटवरच्या दोघीजणी वळून पाहू लागल्या. "उद्या म्हनसान, साडीचोळीचंबी बिल आना!"

आणि खरंच, कोणी मागतं का? ताटातली ओवाळणी मोजत नाहीत, परत करत नाहीत, तिची किंमत विचारत नाहीत. आमच्याकडे कोणत्याच बाईनं विचारली नसती. तिथंच फसगत झाली.

फोननं धंद्याला बरकत आली, हे खोटं नाही. अमरावतीहून, नागपूरहून लोक शेवया मागवू लागले. फोटो पाठव, पत्ता घे, कोणत्या बसमध्ये पुडकं ठेवलं ते बोलून पाठव. फोन ती पोलक्यात ठेवायची, छातीशी. आमच्या बायांची तिजोरी तीच, नोटा तिथं, किल्ली तिथं, आता फोन तिथं. डिसेंबरात तो जरा गरम राहू लागला, तर ही शेजारणीला म्हणते, "भावाची ऊब हाये वं, थंडीत बरं वाटते." काय बोलावं अशा बाईला!

मग चार्जिंग निम्म्याच्या वर चढेना. वर रोज पडद्यावर एक लाल तिकोन यायचा, खाली इंग्रजीत ओळीच ओळी. तिनं भागवतला फोन लावला. "अरे, हे लाल-लाल काय येऊन राह्यलं रोज?"

"जाहिरात असते ते. बोटानं सरकवून देत जाय."

"अन् हा तापून काहून राह्यला?"

"तू दिवसभर बोलत राह्यतं, ताई. तो बिचारा तापन नाई तं काय!" दोघंही हसले. ती रोज सकाळी देवाला हात जोडायची, मग बोटानं तो लाल तिकोन सरकवून द्यायची.

जानेवारीत फोनची पाठ उचलली. पोटात वारा धरल्यासारखा फोन फुगला, काच एका कडेनं सुटली. पंचफुलानं शेवयांच्या पुडक्याचं रबर काढून त्याला गच्च आवळलं आणि पुन्हा पोलक्यात ठेवला. भागवतला सांगितलं नाही. पोरानं एवढ्या मायेनं दिला, आपल्या हातून बिघडला, असं तिला वाटत होतं.

महिनाअखेरीला भागवतचा निरोप आला, "मंगळवारी कारंज्याच्या रजिस्ट्री ऑफिसात ये. कागद तयार हाये. हक्कसोड करून घेऊ, मंग माह्यासंग धनजले चाल, आठ दिवस राह्य." पंचफुलानं आठ दिवसांचे कपडे पिशवीत भरले, भावजयीसाठी कुरड्या घेतल्या. अकराची वेळ होती. ती दहालाच निघाली, कारण वाटेत फोन दुरुस्त करून घ्यायचा होता. भावाला रबर लावलेला फोन दिसायला नको.

बाजारात अर्हमचं फोनदुरुस्तीचं दुकान आहे. तिशीतला पोरगा, त्याच्या घरी पापड पंचफुलाचेच जातात. तिनं पोलक्यातून फोन काढून काउंटरवर ठेवला तसा तो खुर्चीवरून उठलाच.

"मावशी, हे कुठं ठेवलं होतं तुमी?"

"कुठं म्हंजे? अंगावर."

अर्हमनं फोन दोन बोटांनी उचलला, दुकानाबाहेर बांधकामाची वाळू होती तिच्यात नेऊन ठेवला, वर घमेलं उपडं घातलं. मग आत येऊन पाण्याचा ग्लास तिच्यासमोर सरकवला. म्हणाला, "या मॉडेलची बॅटरी पेट घेते, मावशी. कंपनीनं सारे फोन परत मागितले हायेत. दसऱ्यापासून सांगून राह्यली. ते लाल निशाण यायचं ना? तेच होतं. 'वापरू नका, बंद करा, परत द्या.' पूर्ण चार्ज होऊ नये म्हणून कंपनीनंच तो निम्म्यावर अडवून ठेवला."

"ते तं जाहिरात असते."

"कोन म्हणलं?"

पंचफुलानं पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावला.

"बरं, घाबरू नका. कंपनी पूर्ण पैसे परत देते. नंबर टाकून पाहातो." फोनच्या पाठीवर छापलेला पंधरा आकडी नंबर त्यानं वाळूत ठेवतानाच टिपून घेतला होता. संगणकात टाकला. पडदा पाहिला. पुन्हा एकदा नंबर तपासून टाकला. मग म्हणाला, "याचे पैसे देऊन झाले, मावशी."

"कोनाले?"

"नाव नाई दाखवत. पावतीचा फोटो लावला, पैसे खात्यात गेले. फोन बंद करून वाशीमच्या केंद्रात जमा करतो, असं लिहून देल्लं हाये. ज्या मोबाइलवर मेसेज गेला त्याचे शेवटचे आकडे तेवढे हायेत. सात, सात, तीन."

पंचफुलाला वाचता जेमतेम येतं, पण आकडे तिचे पक्के. त्यातला हा नंबर तर झोपेतून उठवलं तरी सांगेल. "कवा?" तिनं विचारलं.

अर्हमनं तारीख सांगितली. भाऊबीजेच्या बरोबर पंधरा दिवस आधीची.

ती उठली. फोन मागितला. अर्हमनं चक्क नाही म्हटलं. "मावशी, रागवा, पापड बंद करा, पन हा तुमच्या हातात देनार नाई." मग ती पिशवी उचलून तशीच चालू लागली.

बाजारातून रजिस्ट्री ऑफिसापर्यंत वाट ती किती, वीस मिनिटांची. त्या वीस मिनिटांत पंचफुलानं भावाची वकिली केली, तशी कोण्या वकिलानं फी घेऊनही केली नसती. त्याला कोणी सांगितलं असेल की आता धोका नाही. त्याला इंग्रजी कुठं धड येतं? पैसे घेतले तर घेतले, त्याला नड असेल, मागितले असते तर मीच दिले असते. केंद्र वाशीमला, तिथवर कोण जाईल, म्हणून राहून गेलं असेल. बिचाऱ्याला माहीतच नसेल. हो, माहीतच नसेल! ऑफिसच्या दारापर्यंत येता येता तिनं त्याला सोडवून आणलं होतं. फक्त त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

भागवत वऱ्हांड्यातच होता, दोन साक्षीदार घेऊन. हातात साडीची पिशवी. "ये वं ताई! चहा घेतं?" तोच गोड आवाज. त्यानं बाकावर जागा केली, साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. मोरपंखी रंगाची, चांगली भारी होती.

"भागवत, फोन बिघडला," ती म्हणाली.

"जाऊ दे ना. दुसरा घेऊ. आधी हे काम होऊ दे."

"चांगला होता रे. वैभवीचा होता ना?"

"हाव, तिचाच."

"मंग तिच्यापासून काहून काढला?"

आता इथं भागवतनं खोटं बोलायला हवं होतं. नवीन हवा होता म्हणाली, रंग आवडेना म्हणाली, काहीही. बहीण वाटच पाहत होती, पडतं घ्यायला तयार बसली होती. पण त्याचं लक्ष कागदांच्या पानांत, आणि माणसाच्या तोंडून खरं निघतं ते असंच, लक्ष नसताना.

"अवं, कालेजात जाते ते पोरगी. उशाशी फोन घेऊन झोपते. काही झालं असतं म्हंजे?"

बोलला आणि थांबला. पानं चाळणारा हात थांबला. मान वर करून त्यानं ताईकडे पाहिलं.

पंचफुलाच्या छातीत कळ आली. ज्या जागी अडीच-तीन महिने तो फोन होता नेमकी त्याच जागी, असं नव्हे. सगळीकडेच आली. पैशांचं तिला काही वाटलं नाही, देवाशपथ. तिला वाटलं ते एवढंच, की त्यानं एकीकडे लेक धरली, दुसरीकडे बहीण, आणि तोलून पाहिलं. लेक जड भरली याचंही दुःख नाही, बापाची लेक आहे, भरणारच. पण बहिणीच्या पारड्यात त्यानं काही ठेवलंच नव्हतं. केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा. तोही दिवाळीला, पाटावर बसून, कपाळाला कुंकू लावून घेऊन.

"ताई, आयक ना. तसं नाई ते. हजारात एखांदाच पेटते म्हनतेत..."

"तुले माहीत होतं," ती म्हणाली. "मी इचारलं तवा तू हासला."

भागवतनं साक्षीदारांकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "आता इथं तमाशा नको करू. एका फोनसाठी माहेर तोडतं काय? लोक काय म्हनतीन?"

तेवढ्यात आतून नाव पुकारलं. भागवत चटकन उठला, तिच्या दंडाला धरून तिला आत घेऊन गेला, जणू पुढचं काम उरकलं की मागचं मिटेल. ती गेलीही. टेबलापलीकडे चष्मा लावलेला कारकून, समोर फोटो काढायचा कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र. कारकुनानं मान वर न करता रोजचे प्रश्न सुरू केले. नाव? गाव? खुशीनं देता ना, कोणाचा दबाव नाही ना? पंचफुला एकेकाचं उत्तर देत गेली, फक्त खुशीच्या प्रश्नाला काही बोलली नाही. कारकुनाच्या ते ध्यानात आलं नाही. त्यानं भागवतकडे बोट केलं.

"आणि हे तुमचे सख्खे भाऊ. बरोबर?"

पंचफुलानं भागवतकडे पाहिलं. कानशिलाजवळ केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आज सकाळपावतर होते, साहेब," ती म्हणाली.

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे?"

"म्हंजे सही होनार नाई," पंचफुला म्हणाली, आणि खुर्ची मागं सारून उठली.