माझ्या विहिरीचं पाणी आणि बॅटरीवाला

सन २०२१. मला एकाहत्तरावं लागलं होतं. माझ्या विहिरीच्या पाण्याला नाव ठेवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी गावात छाती ठोकून सांगायचो. तो माणूस जन्मून तेव्हा साठ वर्षं झाली होती आणि एसटी थांब्याजवळ टिनाच्या खोक्यात त्याचं बॅटऱ्यांचं दुकान होतं.

त्याच्या वरच्या खिशात कायम खिडकीच्या काचेचा एक तुकडा असायचा, कडा घासून बोथट केलेला. कोणी बॅटरीत टाकायला पाणी आणलं की तो काच सदऱ्याला पुसायचा, तिच्यावर एक थेंब सोडायचा आणि उन्हात धरायचा. थेंब वाळेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मग ती काच समोरच्याच्या नाकापुढे न्यायचा. वर पांढरी टिकली उमटलेली असायची.

"काच काय म्हणते ते पाहा. मीठ हाये भाऊ. बॅटरीतल्या पाट्या खाऊन टाकते."

आमच्याकडचं पाणी तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. वर सोनाळा गावापलीकडे सातपुडा आहे, तिकडचं पाणी गोड. खाली उतरलं की खारपाणपट्टा लागतो. बोअर करा, विहीर खणा, मिठाचंच पाणी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अशा मुलखात माझ्या आजोबाची विहीर गोड लागली. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून आजही पहाटे अंधारात बाया माझ्या वावरात पाण्याला येतात. मी कधी कोणाला अडवलं नाही. शाळा मी तिसरीत सोडली, पण त्या विहिरीमुळे गावात मास्तराच्या बरोबरीनं मला खुर्ची मिळायची.

वावराला मी झटका मशीन लावली होती. दिवसा सोलरची प्लेट बॅटरी भरते आणि रात्री मशीन टिक टिक करत कुंपणाच्या तारेत झटका सोडते. रानडुक्कर दचकून पळतं, मरत नाही. सगळा खेळ बॅटरीवर. तिच्यातलं पाणी आटतं, ते भरत राहावं लागतं आणि त्याला डिस्टिल वॉटरच पाहिजे. ते आमच्याकडे कुठलं? तालुक्याहून बाटल्या यायच्या, तर बॅटरीवाला त्यांनाही काचेवर घ्यायचा आणि निम्म्या नापास करायचा.

स्वतःचं पाणी तो बँकेच्या मागून आणायचा. तिथल्या एसीची नळी भिंतीतून बाहेर आली होती, तिच्याखाली त्यानं क्यान बांधून ठेवली होती. बँकेचा शिपाई म्हणायचा, "लोकं बँकेतून पैसे नेतात, अन् तू पाणी नेतं काय बे?" हा म्हणायचा, "पैसे राहू द्या तुमच्यापाशी. थेंब माह्ये." एसी चालायचा उन्हाळ्यात. तेवढ्यात भरलेल्या क्यानांवर त्याला वर्षभर भागवावं लागायचं, म्हणून तो ते पाणी झाकणानं मोजून द्यायचा.

त्या वर्षी आखाडात मी बॅटरी घेऊन त्याच्याकडे गेलो. सोबत माझ्या विहिरीची बाटली होती. खोक्यापुढे चार माणसं बसली होती.

"काच राहू दे बे खिशात," मी म्हणालो. "हे माह्या विहिरीचं हाये."

त्यानं काच काढलीच. थेंब वाळेपर्यंत सगळे बघत होते. टिकली उमटली. बोअरच्या पाण्याएवढी नाही, पण उमटली. चौघांतला एक जण फिसकन हसला.

"भाऊ, तुमचं पाणी माणसाले अमृत हाये," बॅटरीवाला म्हणाला. "मी सोता तेच पेतो. पण बॅटरी काही माणूस नोहे."

"माह्या आजोबाच्या विहिरीले तू खारी म्हणून राह्यला?"

"मी कायले म्हणू? काच म्हणते."

मी बॅटरी उचलली आणि घरी आलो. त्याच दिवशी सहाही खान्यांत माझ्या विहिरीचं पाणी भरलं. पुढच्या महिन्यात पुन्हा भरलं. बायको म्हणाली, "ऐका ना त्याचं." मी म्हणालो, "तू तुह्या सयपाकाचं पाह्य."

मक्याची कणसं दुधावर आली आणि बॅटरी बसली. संध्याकाळी भरलेली दिसायची, पण मशीनची टिक टिक अर्ध्या रात्रीतच बंद पडायची. सकाळी जाऊन पाहिलं तर आठ ओळी जमिनीवर लोळत होत्या, कणसं चघळून टाकलेली. दुसऱ्या सकाळी पाऊण एकर गेलं होतं. उरलेला मका त्याच रस्त्यानं जाणार हे दिसत होतं. बॅटरीवाल्याच्या खोक्यापर्यंत जायला अर्धा कोस होता. मी गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो, काच खरी बोलली म्हणून?

तिसऱ्या दिवशी मी विहिरीवरच्या मोटरच्या पेटीतून वायर ओढला आणि कुंपणाच्या तारेला पिळून बांधला. लाइन संध्याकाळी सहाला यायची. आली की सगळ्या तारेत थेट वीज उतरणार होती. ती झटका देऊन सोडत नाही. तो गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मेलेली आहेत, हे मला ठाऊक होतं. मी केलं.

साडेपाचला तो बांधावरून येताना दिसला. हातात त्याच्या एसीच्या पाण्याची बाटली. माझ्या मक्याची बातमी त्याला कोणीतरी दिली असणार. मशीनकडे जाता जाता त्याची नजर वायरवर गेली आणि तो जागच्या जागी थांबला.

"मशीन तं बंद हाये. मंग हा वायर कायचा, भाऊ?"

"माह्यं वावर, माह्यी तार. तुले काय करा लागते?"

"पहाटे बाया येतात ना इथून."

"चार वाजता काढून घेईन मी."

"अन् नाही जाग आली तं?"

"मले उठवाले कोणी लागत नाही."

त्यानं बाटली खाली ठेवली. पायातल्या चपला काढल्या, ओल्या मातीत पाय रोवले आणि कुंपणाची तार उजव्या मुठीत धरली.

"सोड बे," मी म्हणालो. "लाइनचा भरोसा नाही. आधीही येते कधी."

"म्हणूनच धरली."

"एवढं वाटते तं तूच काढ ना वायर. हात तं पुरते तुह्या."

"मी काढीन तं तुम्ही उद्या परत लावसान. तुमच्या हातानं काढा."

मी बांधावर बसलो, त्याच्याकडे पाठ करून. आधी कोण माघार घेतो ते पाहू म्हणून. तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे हा. तसाच आहे मी. मोबाइलमध्ये पाहिलं, पावणेसहा. पुन्हा पाहिलं, सहाला पाच मिनिटं कमी होती. मान वळवली तर त्यानं डोळे मिटले होते. पण मूठ सुटलेली नव्हती.

मी उठलो. धावलो म्हणा. वायर मी पेटीतल्या मेन स्विचच्या वरून घेतला होता, त्यामुळे नुसती दांडी खाली पाडून काही होणार नव्हतं. तारेवरची गाठच सोडायला हवी होती, आणि ती मी पकडीनं पिळली होती. आता पकड घरी होती. बोटांनी उकलेना. नख तुटलं.

"सोड तार! सोडतो मी वायर, तू सोड पयले!"

"वायर दाखवा," तो डोळे न उघडता म्हणाला.

दातांनी धरून शेवटचा पीळ ओढला तेव्हा वायर निघाला. त्याचं टोक मी चिखलापासून वर, एका फांदीला अडकवलं. बिडी पेटवायला लागतो तेवढा वेळ गेला असेल, आणि शेजारच्या वावरातली मोटर घुरघुरली. लाइन आली होती.

तो तिथेच खाली बसला. तळहातावर तारेचा लाल पट्टा उमटला होता. तासाभरानं लाइन मध्येच गेली, तोवर त्या वायरच्या टोकाकडे दोघंही पाहत राहिलो, मग मी तो पेटीतूनही काढला. त्यानं माझ्या बॅटरीची झाकणं उघडून आत पाहिलं. "दोन खाने गेले. हिची आस सोडा." मग गावात जाऊन दुकानातली स्वतःच्या दिव्याची बॅटरी सायकलला बांधून आणली आणि मशीनला जोडली. पाट्या बुडतील एवढंच पाणी बाटलीतून घातलं. निघताना म्हणाला, "हिले आपलं पाणी पाजू नोका बरं, भाऊ. हिले पचत नाही."

त्या रात्री मका वाचला. ही गोष्ट त्यानं गावात कोणालाच सांगितली नाही. पुढेही खोक्यापुढे बसलो की तो काचेवर थेंब सोडायचा आणि मला नेमानं चहा पाजायचा, त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. मागच्या साली तो झोपेतच गेला. खोक्यात आता मोबाइलचं दुकान आहे. बँकेच्या मागे एसीचं पाणी मातीत पडत असतं, तिकडे कोणी पाहत नाही.

पण मला सांगायचं आहे ते वायर काढला त्याच्या दुसऱ्या सकाळचं.

मी पहाटेच विहिरीवर जाऊन बसलो. पाच-सहा बाया आल्या. त्यांत त्याची बायकोही होती, रोजच यायची ती. तिनं भांडं भरून काठावर ठेवलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो. काल मी या तारेत थेट लाइन सोडणार होतो, आणि हिच्या नवऱ्यानं ती सोडू दिली नाही. त्यानं तार धरून ठेवली.

त्याची बायको माझ्याकडे वळली.

"हातानं धरली?"

"हाव. उजव्या."

"मले म्हणाले, सायकलची चैन लागली."

तिनं पदर खोचला आणि भरलेलं भांडं तिथेच ठेवून घराकडे चालू लागली. बाकीच्या बायाही आपापली भांडी उचलून तिच्या मागे गेल्या. उजाडलं होतं. मी ते भांडं खांद्यावर घेतलं आणि भर गावातून, थांब्यावर बसलेल्या माणसांच्या देखत, त्याच्या दारात नेऊन ठेवलं.