ऊन तेवढं ठेवलं, ताप काढला

ये गं, अशी जवळ सरक. आणि काय गं, सोलापूरचं ऊन सोसत नाही म्हणून दरवेळी थंडीतच येतेस व्हय? मग आमचा पराक्रम तुला दिसणार कसा?

मागच्या वर्षी सुनेनं दारच्या शेडमध्ये मिरची कुटायची डंकी घातली. पत्र्यावर सोलरच्या प्लेटा, म्हणजे लाइट गेली तरी अडायचं नाही. मे महिना आला. तिखटाचा हंगाम, बायका डबे घेऊन दारात, आणि भर दुपारी मोटर दम टाकायची. उन्हावर चालणारी वस्तू उन्हालाच भ्यायली! एक बाई तर डबा उचलून म्हणाली, "जाते बाई वळसंगच्या डंकीवर." सुनेचं तोंड बघवेना.

फिटरला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, प्लेटला उजेड पायजे, ताप न्हाय. तापली की वीज कमी देती. पत्र्याला चिकटून हायत, खालून वारं कुटनं येणार?"

एवढं ऐकलं आणि आमचे हे शिडी लावून वर. माठाला ओलं फडकं गुंडाळतो ना, तशा ओल्या चादरी प्लेटांवर अंथरल्या. सोलापूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार! डंकी गपकन बंद.

सून खालून ओरडली, "मामा, सूर्याच्या तोंडावर पांघरूण घातलंत की!"

बायका पोट धरून हसल्या. हे काही शिडीवरून उतरेनात.

मी म्हटलं, "अहो, विचार बरोबर हाय, बाजू चुकली. तोंड उघडं ठेवा, पाठ गार करा."

फिटरला पटलं. त्यानं प्लेटा हातभर उचलून लोखंडी अँगलवर घेतल्या. खाली, वायरींपासून लांब, गोणपाट ताणून बांधलं. माझ्या भावाची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे, तिथली जुनी ठिबकची नळी त्यावर सोडली. थेंब थेंब पाणी आणि आपला इथला कोरडा वारा! आधी प्लेटला हात टेकवत नव्हता, आता खुशाल टेकवावा.

भर दुपारी सुनेनं बटण दाबलं. धाड धाड धाड! ऊन कलेपर्यंत डंकी थांबली नाही. वळसंगला गेलेली ती बाई डबा तसाच घेऊन परत. "तिकडं लाइट न्हाय."

"मग हितं रांगेत बस की," सून म्हणाली, आणि लई दिवसांनी खळखळून हसली.

तर आता थंडीबिंडी नको. येत्या मे महिन्यात मिरच्या घेऊन ये, भर दुपारीच ये. वाट बघते.