शीवमावशीची साक्ष

बांधावरून कुणाची कुरबुर झाली की पहिला निरोप शीवमावशीला जायचा. ती यायची, कमरेवर हात ठेवून दोन्ही वावरं न्याहाळायची आणि म्हणायची, "दगड सरकलाय. मूळचा इथून सात पावलं खाली." तिथं वाद मिटायचा. बापाला मुलगा नव्हता आणि शिवांची माहिती कुणाच्या तरी कानात घालणं भाग होतं, म्हणून त्यानं लेकीचं बोट धरून सगळं शिवार पायाखाली घातलं होतं.

जमिनीचे कागद गावात कुणाकडेच नव्हते. जमीन साऱ्या गावाची. कुणी कुठला तुकडा कसायचा ते जाणती माणसं ठरवत. तुकडा बापाकडून लेकाकडे जाई, लेकीकडे कधीच नाही. पण नवरा गेल्यावर मावशी माहेरी परतली, तेव्हा बापाचं वावर चुलतभावाकडे गेलं होतं. जाणत्यांनी त्याला बोलावून सांगितलं, "ती आहे तोवर ओढ्याकाठचं वावर तिच्याकडे राहू दे." तो हो म्हणाला. एकोणतीस वर्षं तिनं ते वावर कसलं.

मग सरकारनं ही सगळी जमीन बेवारस ठरवून एका खाणीला द्यायला काढली. गाव कोर्टात गेलं. गावाची वकीलबाई तरुण होती, पण पक्की. तिनं मावशीला समोर बसवून समजावलं, "कायद्यात रूढीला जागा आहे, मावशी. पण रूढी जुनी हवी, अखंड हवी, सगळ्यांना सारखी लागू हवी. एक अपवाद सापडला तरी समोरचा म्हणेल, ही रूढी नव्हे, मनमानी."

मावशीची साक्ष दोन दिवस चालली. चारशे वावरांच्या शिवा तिनं तोंडपाठ सांगितल्या. टंकलेखकाची बोटं दुखली, न्यायाधीशांनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी वकील सहज विचारावं तसं म्हणाला,

"तुम्ही स्वतः जमीन कसता ना, बाई?"

"कसते."

"वडिलांची?"

"हो."

"म्हणजे लेकींनाही मिळते तर."

खरं सांगायचं तर जाणत्यांनी तिच्यासाठी वाट काढली होती. पण ती वाट म्हणजेच अपवाद. मागच्या बाकांवर अर्धं गाव बसलं होतं. तिनं पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायली.

"लेकींना मिळत नाही," ती म्हणाली. "वावर माझ्या चुलतभावाचं आहे. तो कसू देतो म्हणून कसते."

गाव जिंकलं. निकालात रूढी जशीच्या तशी लिहिली गेली. मागोमाग नोंदणीवाले आले आणि रूढीप्रमाणे वावरागणिक पुरुषांची नावं चढवून गेले.

चुलतभाऊ चार महिने काही बोलला नाही. मग एका सकाळी येऊन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "ताई, वावर वीटभट्टीला देतोय."

"जाणत्यांपुढे हो म्हणाला होतास."

"तेव्हा म्हणालो होतो. आता ते माझ्या नावावर आहे. निकालाच्या अठराव्या पानावर तुझंच बोलणं छापलंय, मी वाचून घेतलं." तो वाईट माणूस नव्हता. बोलताना त्याची नजर जमिनीवरून हलली नाही.

जाणत्यांतला एकच म्हातारा उरला होता. मावशी त्याच्याकडे गेली. त्यानं तिला खाटेवर बसवलं. "पूर्वीची गोष्ट असती तर त्याला चार शब्द सुनावून भागलं असतं, पोरी. आता आम्ही मधे पडलो तर आम्हीच रूढी मोडली असं होईल. खाणवाले टपून बसलेत."

वकीलबाईनंही आडपडदा ठेवला नाही. "दावा लावता येईल. पण शपथेवर खोटं बोललात हे कबूल करावं लागेल. मग गावाचा निकालही डळमळेल."

"राहू द्या मग," मावशी म्हणाली आणि वकीलबाईच्या तालुक्यातल्या कचेरीच्या जिन्यावरून कठडा धरत खाली उतरली.

भट्टीवाल्यांनी उभं पीकही काढू दिलं नाही. पहिल्या महिन्यात कमरेइतकी माती उचलली. मावशी शहरात भाचीकडे राहायला गेली. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. भाची कामावर गेली की ती दिवसभर पलंगाच्या काठावर बसून असायची. भाचीनं एकदा हट्टानं विचारलं, "का बोललीस तसं? तुझ्यासाठी एकानं तरी तोंड उघडलं का?"

"कुणी उघडायचं?" मावशी म्हणाली. "सगळ्यांची वावरं होती त्यात."

तिसऱ्या वर्षी ती छातीच्या दुखण्यानं गेली. अंत्यविधीला गावाहून चौघं आले. त्यांत चुलतभाऊ होता. तो सगळे विधी होईपर्यंत थांबला, जेवायच्या वेळी मात्र कुणाला न सांगता निघून गेला.