बुरमाकानचा एक शब्द

बुरमाकानने चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. किर्गिझ घरातली सून नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव घेत नाही; नावाचा जो अर्थ असेल तो शब्दसुद्धा टाळते. नवऱ्याचं नाव बाल्ता, म्हणजे कुऱ्हाड. झालं! लग्नापासून कुऱ्हाड हिच्यापुरती 'फोडणारी' झाली. सासऱ्याच्या नावात सरोवर होतं, म्हणून दारापुढचं सरोवर 'पसरलेलं'. नवऱ्याला हाक मारायची तर "अहो, पोराचे बाबा!" मात्र लोकर पिंजताना ते नाव ती मनातल्या मनात घोळवायची. तिथे कोण अडवायला येतंय?

त्या शरदात माळ्यावर गवत चढवताना शिडी सटकली आणि तिचं डोकं डाव्या बाजूने खांबावर आपटलं. दोन दिवस ती कसल्याशा पांढऱ्या, मऊ धुक्यात चालत होती. जागी झाली, सूप चाखलं, मीठ मागायला तोंड उघडलं, तर शब्द जागेवरच नव्हता.

"ते... पांढरं. खारट."

सून तोतुया मनाने सोनं, पण भोळी. तिला वाटलं, सासूबाईंना सासरचा कुणी मीठ नावाचा पूर्वज आठवला असेल. बिचारीने स्वतःही मीठ म्हणणं सोडलं. मग पाणी 'ओलं' झालं, किटली 'उकळणारी'. महिनाभर सगळं घर असं आडून आडून बोलत होतं.

शेवटी बाल्ता भडकला. "अगं तोतुया, आमच्या सात पिढ्यांत किटली नावाचा कोण होता गं?"

तेव्हा कुठे बुरमाकानला शहरात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मार लागलाय तिथेच बोलण्याची जागा असते. त्यांना समजतं बरंच, पण शब्दापर्यंतची वाट सापडत नाही. काही शब्द परत येतील. किती, ते मी सांगू शकत नाही."

थंडी वाढली तसे आडून बोलायचे शब्दही विरत गेले. खिडकीबाहेर बर्फ पडे. बुरमाकान बघत बसे. हे काय आहे ते तिला ठाऊक होतं, नाव तेवढं नव्हतं. नाव नसलेल्या वस्तू घरभर तरंगत असल्यासारख्या वाटत आणि त्यात ती एकटी. भीती एकच होती, आता आपण कुणाला हाक मारू शकणार नाही.

बाल्ता रोज दुपारी समोर बसे. "हा चमचा. म्हण, चमचा." एकदा तिने तो चमचाच त्याला फेकून मारला. तो हसला, मग बाहेर जाऊन डोळे पुसून आला.

वसंतात बाल्ता गवताची घसरगाडी ओढत गोठलेल्या सरोवरावरून निघाला. जवळची वाट म्हणे! खोड जात नाही माणसाची. काठावर उभ्या बुरमाकानला त्याच्या पुढचा बर्फ काळसर, ओलसर दिसला. तिने तोंड उघडलं. 'अहो' नव्हतं. 'पोराचे बाबा' नव्हतं. सगळे वापरलेले शब्द गेले होते. आणि कधीच न वापरलेला एक आतून उसळला.

"बाल्ता!"

तो जागच्या जागी थिजला. आई गेल्यापासून त्याला असं कुणी बोलावलं नव्हतं. दोन पावलांवर बर्फ कडाडून फाटला.

तो परतला तेव्हा ती लाजेने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर दाबून रडत होती.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

तिने म्हटलं. त्यानंतर दुसरा शब्द आलाच नाही. मीठ हवं असलं तरी बाल्ता, पाणी हवं असलं तरी बाल्ता, राग आला तरी बाल्ताच. आणि दर हाकेला तो हातातलं काम टाकून उठे.

एकदा तोतुयाने विचारलंच, "बाबा, आईंना मीठ हवंय की पाणी, ते तुम्हाला कसं कळतं हो?"

"कुठे कळतं गं?" बाल्ता उठता उठता म्हणाला. "मी आपला जवळ जाऊन बसतो."